सात फूट आठ इंच

"टेप ताणून धरा, डोमाजी. मधे झोळ पडतोय."

"ताणूनच धरली ताई. आणखी ताणली त भिंत माह्याकडे येईन."

भिंत काही त्यांच्याकडे आली नाही आणि माझी बेरीजही ठिकाणावर आली नाही. सकाळपासूनची ही तिसरी खेप होती. बंगल्याची मागची बाजू बाहेरून मोजली की चौऱ्याऐंशी फूट दोन इंच भरायची. आतून एकेक खोली आणि एकेक भिंत मोजत गेलं की बेरीज यायची शहात्तर फूट सहा इंच. सात फूट आठ इंच गडप. मी जेवणघराच्या फरशीवर फतकल मारून बसले आणि मोजवही मांडीवर आपटली.

"डोमाजी, तुमच्या बंगल्यानं सात फूट आठ इंच खाल्ले."

"खाल्ले असतीन," टेप गुंडाळत डोमाजी म्हणाले. "इतक्या वर्सांत त्याले दुसरं कोणी काही खायलेच देल्लं नाई."

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. तेव्हा मी अमरावतीला बांधकाम खात्यात आरेखक होते. ऑफिसातले लोक मला 'ट्रेसरबाई' म्हणत. नकाशावर कागद ठेवून गिरवायचं, एवढंच बायकांना जमतं असा त्यांचा समज होता, आणि तो दूर करण्यात माझी चार वर्षं गेली होती. माझ्या नकाशातला आकडा चुकत नाही, असं शेवटी साहेबसुद्धा म्हणायला लागले. मला त्याचा गर्व होता. तेव्हा गर्व करावा असं दुसरं काही जवळ नव्हतंही.

मेळघाटात, चिखलदऱ्याच्या अलीकडच्या पठारावर सोनापाटी नावाची वस्ती होती आणि तिच्यापासून अर्ध्या मैलावर निंभोरकरांचा बंगला. कापसाच्या जिनवाल्या रावसाहेब निंभोरकरांनी उन्हाळ्यात राहायला म्हणून तो बांधला. पुढं तो सरकारकडं आला, सरकारनं त्यात काही वर्षं बियाण्याची पोती ठेवली, मग पोतीही ठेवणं सोडलं. आता तो मोडकळीला आला म्हणून निर्लेखन करून, म्हणजे सरकारी दप्तरातून कमी करून, पाडायचा होता. पण सरकारी वास्तू नुसती पाडता येत नाही. आधी तिचा नकाशा काढावा लागतो, नकाशातली प्रत्येक खोली उघडून पंचांसमोर आतल्या वस्तूंची यादी करावी लागते, मूळ मालकाच्या वारसाला बोलवावं लागतं, आणि मगच कुदळ.

हे काम कोणालाच नको होतं. धुकं, जळवा, दिवसातून एक एसटी. मी आपण होऊन हात वर केला. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "ठोसरबाई, तब्येत बरी आहे ना आता?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हटलं. घरात बसून करायचं काय, हे त्या दिवसांत मला खरोखर कळत नव्हतं.

चिखलदऱ्याच्या विश्रामगृहात उतरायचं, सकाळी एसटीनं सोनापाटीला यायचं आणि पाचला तीच एसटी परतताना पकडायची, असे चार दिवस ठरले होते. बंगल्यावर भेटले ते डोमाजी. वय पासष्टीच्या घरातलं, अंगानं काटक, डोक्याला पांढरं फडकं. रावसाहेबांच्या वेळेपासून ते इथले राखणदार. सरकारनं त्यांना ठेवलं नव्हतं आणि काढलंही नव्हतं. बंगल्यामागं कुडाची खोली बांधून एकटेच राहत होते. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, मुलगा बडनेऱ्याला रेल्वेत होता.

पहिल्या दिवशी त्यांनी मला सगळा बंगला दाखवला, एखाद्या पाहुणीला दाखवावा तसा. दिवाणखान्यात भिंतीत शेकोटी होती, तिच्या धुराड्यात पाखरांनी घरटी केली होती. बिलियर्डचं टेबल होतं, त्याचं हिरवं कापड उंदरांनी नेलं होतं आणि दुपारच्या वेळी त्यावर वानरं पहुडायची. न्हाणीघरात विलायतेहून आणलेला पांढरा टब. त्यात डोमाजींनी माती भरून कोथिंबीर लावली होती.

"रावसायेब यात बसून आंग धुवत," ते म्हणाले. "आता कोथमीर बसते. तिले लई मानवलं."

भिंतींवर तसबिरींचे नुसते खिळे होते. मागच्या बाजूला कॉफीची झाडं रानटी होऊन माणसाच्या उंचीला गेली होती. सगळीकडं एक शांतता होती, पण ती झोपलेल्या घराची नव्हती, उठून गेलेल्या घराची होती. मला ती ओळखीची वाटली. दर दारात डोमाजी थांबत आणि खोलीचं नाव सांगत. ही रावसायेबाची बैठक, ही पाव्हण्याची, हे जेवणघर, ही बाईसायेबाची. नकाशात मी 'खोली क्रमांक एक, दोन' असं घालणार होते. पण त्यांच्यासाठी मोजवहीत पेन्सिलीनं नावं लिहून घेतली.

तर ते सात फूट आठ इंच. आमच्या धंद्यात थोडी चूक येतेच. टेप तापते, दमते, माणूसही दमतो. मग ती चूक वाटून टाकायची. एखादा इंच इथं, अर्धा तिथं, की बेरीज जुळते. साहेबांचा दंडक होता: दोन इंचांपर्यंत वाटा, त्यापुढं गेली तर पुन्हा मोजा. खात्यात मीटर येऊन बरीच वर्षं झाली होती, पण जुनी वास्तू फुटाइंचातच मोजायची, हा त्यांचाच आणखी एक दंडक. सात फूट आठ इंच वाटता येत नाहीत. ते शोधावे लागतात.

मी पुन्हा एकदा मोजवहीवरून बोट फिरवलं. मागच्या ओळीत सहा खोल्या, सात भिंती. खोलीतून खोलीत जायला दार असलं की त्या दारात टेप धरून भिंतीची जाडी मोजता येते. दीड फूट, दीड फूट, दीड फूट. फक्त जेवणघर आणि बाईसाहेबांची खोली यांच्यामधे दार नव्हतं. जिथं दार नाही तिथं भिंतीची जाडी आपण गृहीत धरतो. मीही दीड फूटच धरली होती.

मी उठले आणि त्या भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठोकून पाहिलं.

"डोमाजी, या भिंतीच्या पलीकडं काय आहे?"

डोमाजी टेप गुंडाळत होते, ते गुंडाळतच राहिले. टेप संपली तरी त्यांची बोटं फिरत होती.

"जेवून घ्या ताई," ते म्हणाले. "भाकर थंडी होऊन राह्यली."

ओट्याच्या पायरीवर आम्ही जेवायला बसलो. त्यांची भाकरी आणि ठेचा, माझा विश्रामगृहातला डबा. टबातली कोथिंबीर त्यांनी माझ्या भाजीवर चुरून घातली. धुकं इतकं खाली आलं होतं की फाटक दिसत नव्हतं.

"खोली हाये थे," डोमाजी म्हणाले. "बायंतीणीची. बंगला इंग्रजी नमुन्याचा, पन बाईसायेबानं आपली बायंतीणीची खोली मागून घेतली. लहान, बिनखिडकीची, उबदार. तिचं दार बाईसायेबाच्या खोलीतून व्हतं."

"आता नाही."

"आता नाई. बाईसायेबाले तीन लेकरं झाले. एकही वर्साचं झालं नाई. मंग तिनं एक रोजी दारावर भिंत चढवाले लावली. आतमंधी तिच्या माहेरचा पायना हाये. तीनही लेकरं त्यातच निजले व्हते. म्हने, हे बंगला उभा हाये तोवर कोनी उघडू नये." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "ताई, थे खोली तुमी कागदावर नोका घेऊ."

"असं कसं नाही घेणार?"

"घेतली का उघडा लागन. पंच येतीन. परतवाड्याहून रावसायेबाचा पुतन्या येईन. आठ मानसं आत घुसतीन." त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "म्या शब्द देल्ला व्हता तिले. चाळीस वर्सं सांभाळला."

नकाशात नसलेली खोली म्हणजे खोटा नकाशा. खोटा नकाशा मी काढत नसे. तसं त्यांना सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेले.

"मला एकदा बघू द्या."

"भिंत फोडून?"

"नाही. वरून. माळ्यावरून एखादी फळी सरकत असेल तर."

डोमाजींनी उरलेली भाकरी बांधून ठेवली. मग म्हणाले, "उद्या शिडी आनतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पदर खोचला, विजेरी घेतली आणि शिडीवरून माळ्यावर चढले. डोमाजी खाली शिडी धरून उभे होते. वर कौलांच्या फटीतून उजेडाच्या चिरा येत होत्या. वटवाघळांची घाण, कित्येक वर्षांची धूळ. मी तुळईवरून रांगत रांगत, फूट मोजत मोजत गेले. बरोब्बर कुठं थांबायचं ते मला ठाऊक होतं. खालच्या छताच्या तक्तपोशीची एक फळी सुटलेली होती. ती उचलून बाजूला केली आणि भोकातून विजेरी खाली मारली.

खोली लहान होती. भिंतीत एक कोनाडा, त्याच्यावर पणतीची काजळी. दाराच्या जागी विटा, त्या आतल्या बाजूनं गिलावा न केलेल्या. जमिनीवर जाड धूळ. छताच्या तुळईला दोन लोखंडी कड्या.

कड्यांना काही नव्हतं. मी विजेरी कोपऱ्या-कोपऱ्यात फिरवली. पाळणा नव्हता. दोरीचा तुकडासुद्धा नव्हता.

मी तिथंच पालथी पडून राहिले. त्या कड्यांवरून विजेरी हलवता येईना. आमच्या घरातही मधल्या खोलीच्या आढ्याला अशाच दोन कड्या होत्या. पाळणा आमच्या सासरचा, सागवानी, चार पिढ्यांचा. ज्या घरी बाळ होणार असेल तिथं तो जायचा. माझ्या सातव्या महिन्यात तो आमच्याकडं आला आणि ह्यांनी स्टुलावर चढून टांगला. नववा भरला तेव्हा मी दवाखान्यात गेले, आणि परत आले तेव्हा फक्त कड्या होत्या. पाळणा यवतमाळच्या वन्संकडं गेला होता, त्यांचे दिवस भरत आले होते. रीतच ती. कोणी नेला, कधी नेला, मी विचारलं नाही. ह्यांनीही सांगितलं नाही. ह्यांनी तो झटपट हमालाच्या डोक्यावर देऊन पाठवला असणार, डोळ्यांपुढून घालवला असणार, असं मी मनाशी धरून चालले होते, आणि सात महिने त्याच रागात जगत होते. आम्ही दोघं 'दूध आलं का' आणि 'किल्ली घेतली का' एवढंच बोलत होतो.

डोमाजींनी चाळीस वर्षं रिकामी खोली राखली होती, आणि बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. निंभोरकरांपैकी कोणीतरी पाळणा आधीच काढून नेला असेल. मला त्यांचं फार वाईट वाटलं. फळी जागेवर सरकवून मी परत रांगत निघाले.

शिडीवरून उतरले तेव्हा ते पायथ्याशी तसेच उभे होते, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून.

"दिसला काय ताई पायना?"

अर्धा इंच इकडचा तिकडं न करणारी मी.

"दिसला," मी म्हटलं. "आहे तिथंच आहे. कड्यांना टांगलेला."

डोमाजींनी शिडी सोडली. फडक्यानं तोंड पुसलं आणि तिच्या खालच्या पायरीवर बसले.

"ताई, तुमी खोटं बोलून राह्यल्या."

"तुम्हाला काय माहीत?"

"भिंत म्याच चढवली ना. आत काय ठेवलं आन् काय नाई, माह्याबिगर कोनाले माहीत?" ते रागावले नव्हते. मान वर करून बघत होते. "काहून खोटं बोल्ल्या?"

आईला, बहिणीला, ऑफिसातल्या कोणालाच जे सांगितलं नव्हतं ते मी त्या परक्या माणसाला, धुळीनं माखलेल्या लुगड्यानं उभ्याउभ्या सांगितलं. मुलगी होती, रडली नाही, मला दाखवलीही नाही. आणि घरी आले तर पाळणा नव्हता. एवढंच होतं. एका मिनिटात संपलं.

डोमाजींनी 'रडू नका' असं म्हटलं नाही, 'पुन्हा होईल' असंही म्हटलं नाही. ते उठून गेले, तांब्याभर पाणी घेऊन आले आणि मी प्यायल्यावर पुन्हा शिडीच्या पायरीवर बसले.

"रावसायेबाचं दुसरं लगन ठरलं व्हतं," ते सांगायला लागले. "वारस पायजे. घरातल्या मानसाईनं बाईसायेबाले सांगतलं, हा पायना आता नव्या सुनेच्या खोलीत जाईन. पायना तिच्या माहेरचा. तिनं हो म्हटलं नाई, न नाई म्हटलं नाई. त्याच हप्त्यात माही बायको बायंतीन झाली. आमच्याघरी पोरगं लुगड्याच्या झोळीत. बाईसायेब दुपारच्याले मागच्या दारानं आली. म्हने, डोमा, आज रातच्याले पायना घेऊन जा. उद्या दारावर भिंत चढव. मी साऱ्याईले सांगन पायना आत हाये आन् अपशकुनी हाये."

"आणि लोकांनी ऐकलं?"

"भ्याले. तीन लेकरं गेलेला पायना, कोन हात लावते? कोनी भिंत फोडली नाई. पन तिले नावं ठेवली. सवतीच्या पोराच्या वाट्याले येऊ नये म्हनून पायना गाडला, दुष्ट बाई, म्हने. आजवर परतवाड्याले तसंच बोलतेत." डोमाजींचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "ते दुष्ट बाई रोज दुपारी माह्या झोपडीत येऊन माह्या पोराले हालवे. सहा महिने. मंग नवी सून आली आन् बाईसायेब माहेरी गेली, ते आलीच नाई. जाताना मले शपथ घातली, कोनाले बोलू नको. तुले चोर म्हनतीन, पायना घेऊन जातीन."

"आता तर सगळे गेले डोमाजी. सांगून टाका ना. त्यांचं नाव तरी सुटेल."

"कोनाले सांगू? पुतन्याले? तो म्हनन, डोमानं चोरला न मेलेल्या बाईवर घातला. माह्याजवळ चिठ्ठी हाये का चपाटी?" ते थोडे हसले. "आन् पायना आता माह्याजवळ नाई ना. माह्याजवळच असता त म्या उचलून देल्ला असता."

"मग कुठं आहे?"

"चाला. एसटीले टाइम हाये."

सोनापाटीच्या टोकाला, एसटी थांबते तिथं, गवताच्या छपराचं एक घर होतं. डोमाजींनी बाहेरून हाक मारली. आतली बाई चुलीपाशी होती, तिनं नुसती मान हलवली. ओसरीवर निळ्या ऑइलपेंटचा पाळणा टांगला होता. रंगाचे थरावर थर चढलेले, कोपऱ्यांत पोपडे आलेले. दांडीवर चार लाकडी राघू. एकाची चोच मोडली होती. आत दोन-अडीच महिन्यांचं बाळ तोंडात मूठ घालून झोपलं होतं.

"माह्या पोराचं झालं, मंग मागच्या घरच्यानं मागतला. मंग त्याच्या भावानं. फिरतच राह्यला," डोमाजी हळू आवाजात म्हणाले. "निळा रंग म्या देल्ला, कोनी वळखू नये म्हनून. हे एकोनिसावं. सारे जगले, ताई. एकही गेलं नाई."

मी पाळण्याची दोरी हातात घेतली. कसं धरायचं ते हातांना माहीत होतं. दोनदा हलवली असेल, तेवढ्यात एसटीचा भोंगा ऐकू आला.

"कागदावर काय लिहिसान?" डोमाजींनी एसटीच्या पायरीशी विचारलं.

"अजून माहीत नाही," मी म्हटलं. ते खरं होतं.

त्या रात्री विश्रामगृहात, दुसऱ्या दिवशी उरलेली पुढची बाजू मोजताना आणि नंतर अमरावतीच्या गाडीत मी तेच घोळत होते. खोली दाखवली तर भिंत फुटणार, रिकाम्या कड्या दिसणार, बाईसाहेब खोट्या आणि डोमाजी चोर ठरणार, आणि कोणीतरी पाळणा शोधत सोनापाटीला जाणार. नाही दाखवली तर माझा आकडा खोटा. इतकं साधं होतं, आणि तरी मला ते सोपं वाटत नव्हतं. आकडे सोडले तर माझ्याजवळ धरून ठेवायला काय होतं?

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. हे पोस्टातून येऊन चहा करत होते. मी मधल्या खोलीतल्या टेबलावर कागद पसरला, मोजवही उघडली आणि पेन्सिलीला टोक करत बसले. टोक झालं तरी करतच बसले.

ह्यांनी माझा कप टेबलाच्या कडेला ठेवला. "जुळत नाही का?"

"नाही."

"किती?"

"सात फूट आठ इंच."

"बाप रे." ते जायला निघाले होते, ते थांबले. "एवढे कसे गेले?"

मी सांगितलं. टबातल्या कोथिंबिरीपासून निळ्या पाळण्यापर्यंत. सात महिन्यांत एका दमात इतकं मी त्यांच्याशी बोलले नव्हते. हे कप हातात घेऊन उभेच होते, चहावर साय धरली. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि समोर बसले.

"खोल्या किती?"

"मागच्या ओळीत सहा."

"आणि भिंती सात. तेरा झाले." हे सॉर्टिंगला होते, तोंडी हिशेबात मला कधी हार गेले नाहीत. "सात फूट आठ म्हणजे ब्याण्णव इंच. तेरा साते एक्क्याण्णव. प्रत्येकाला सात. एक उरतो."

"राहू दे तो. साहेबांना दोनपर्यंत चालतो."

हे आकडा वाचत होते, मी खोडून नवा लिहीत होते. बैठक, सात इंच वाढली. पाहुण्यांची खोली, सात. जेवणघर, सात. ती भिंत दीड फुटाची दोन फूट एक इंच झाली. ह्यांनी 'बाईसाहेबांची खोली' हे पेन्सिलीतलं नाव वाचलं आणि मी तिथंही सात इंच घातले. असं करत एक अख्खी खोली आम्ही दोघांनी मिळून वाटून टाकली.

माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीतला तो एकच खोटा नकाशा. साहेबांनी बेरीज तपासली, एका इंचाची तूट बघून "वा" म्हणाले आणि सही केली. पंच आले, पुतण्या आला, सगळ्यांनी नकाशातल्या खोल्या बघितल्या आणि बिलियर्डच्या टेबलावर सह्या केलेला कागद घेऊन गेले. पुढच्या उन्हाळ्यात बंगला पाडला. पाडणाऱ्यांना विटांशी काम, खोलीशी नाही. डोमाजी मुलाकडं बडनेऱ्याला गेले. दर दिवाळीला मुलाकडून लिहवून घेतलेलं त्यांचं कार्ड यायचं, आणि शेवटी नुसता एक आकडा असायचा. वीस. बावीस. शेवटच्या कार्डात सव्वीस होता.

पण त्या संध्याकाळचं थोडं सांगायचं राहिलं.

कागदावरची रबराची भुकटी मी हातानं झटकली आणि वर पाहिलं. टेबलाच्या बरोबर वर त्या दोन कड्या होत्या. ह्यांनीही वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"पाळणा कोणी नेला होता?" मी विचारलं.

"मी."

"कशानं?"

"एसटीनं. तू दवाखान्यात होतीस तेव्हा."

"टपावर टाकून?"

"कंडक्टर तेच म्हणत होता, टपावर टाका. नाही टाकला." हे टेबलावरची पेन्सिल सरळ करत होते. "मांडीवर घेऊन बसलो. यवतमाळपर्यंत."

साडेतीन तासांची वाट. मला ते दिसलं. खिडकीजवळची सीट, मांडीवर तो मोठा सागवानी पाळणा, कोपरे दोन्ही बाजूंना लागताहेत. ते मला सात महिन्यांत एकदाही दिसलं नव्हतं.

"नेर सोडल्यावर शेजारी एक म्हातारी येऊन बसली," हे म्हणाले. "पाळण्यावरून हात फिरवला तिनं. विचारलं, काय झालं बाबा, मुलगा का मुलगी?"

"मग? काय सांगितलंत?"

"मुलगी, म्हटलं."

मी टेबलावरून हात पुढं केला. चहा केव्हाच गार झाला होता.